चार सूत

"मिस्त्री, तुमच्या घरात सूर्य किती आहेत?" मास्तरांनी विचारलं.

वर्गातल्या सगळ्यांचे ब्रश जिथल्या तिथं थांबले. मिस्त्रींनी आधी मागं वळून पाहिलं. न जाणो, दुसरं कुणी मिस्त्री मागं उभं असायचं. तिथं फक्त भिंत होती.

"एकच की," ते म्हणाले. "सगळ्यांचा तोच."

"मग या किटलीची सावली उजवीकडे आणि या लिंबांची डावीकडे कशी पडली? का लिंबांनी आपला वेगळा सूर्य बसवून घेतलाय?"

वर्ग खो खो हसला. निवृत्त नर्सबाई तर इतक्या हसल्या की त्यांच्या समुद्रात एक जास्तीची लाट आली.

दर शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या माडीवर हा तैलरंगांचा वर्ग भरायचा. मिस्त्री त्यात सगळ्यात नवे आणि वयानं सगळ्यात जुने. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्यांनी केलेलं कपाट बंद झालं की आत राहिलेल्या माशीला श्वास पुरवून पुरवून घ्यावा लागायचा. एकदा पुरात एका गिऱ्हाइकाचं अख्खं घर वाहून गेलं, पण मिस्त्रींचं कपाट तरंगत तरंगत तीन गावं ओलांडून गेलं, आणि चौथ्या गावात उघडलं तेव्हा आतल्या चादरी इस्त्रीसकट कोरड्या निघाल्या. ही गोष्ट मिस्त्री स्वतःहून कधी सांगत नसत. कुणी विचारलं तरच सांगत. आणि कुणी विचारेपर्यंत त्याला उठू देत नसत.

पुढं लाकडाच्या भुशानं त्यांना खोकला धरला आणि डॉक्टरांनी करवत सोडायला लावली. रिकामे हात घेऊन माणूस घरभर फिरायला लागला. दिवसातून चारदा दारांच्या बिजागऱ्या तपासायचा. शेवटी बायकोनंच त्यांचं नाव चित्रांच्या वर्गात घातलं. तीन महिने त्यांनी खालच्या मजल्यावरच्या पेन्सिलवर्गात काढले. तिथली बाकं गुडघ्याएवढी आणि विद्यार्थी कमरेएवढे. सात वर्षांची एक मुलगी त्यांना "ए नवीन, रबर दे" म्हणायची. तिथून महिन्यापूर्वीच ते वरच्या वर्गात चढले होते, तेही अटीवर. पहिलं तैलचित्र मास्तरांनी पास केलं तर ते वर्षाच्या प्रदर्शनात लागणार. नापास केलं तर पुन्हा खाली, पेन्सिल आणि रबर.

प्रदर्शन पुढच्या रविवारी होतं. आणि मास्तर हातात छडी घेऊन चित्रापुढं उभे होते.

"आता रचना बघू," मास्तर म्हणाले. "किटली कुठं बसलीय? मधोमध. सभेच्या अध्यक्षासारखी. तीन लिंबं कुठं? पार डाव्या काठाला, एकमेकांना चिकटून. बस सुटेल म्हणून उठलेल्या पाहुण्यांसारखी. आणि उजवीकडं काय आहे?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. उजवीकडं काही नाही! आणि खाली एवढी मोठी फरशी, हे टेबलाचे पाय... मी किटली आणि लिंबं काढायला सांगितली होती. टेबल वरच्या वर कापायचं की चित्रात."

"टेबलाचे पाय कापू?" मिस्त्रींचा चेहरा पडला. "मास्तर, दुसरं काहीही सांगा. ते माझ्या हातून व्हायचं नाही."

मास्तरांनी उसासा टाकला आणि छडी टेबलावर आणली. "बरं. हे टेबल गोल आहे ना?"

"कंपास लावून बघा."

"गोल टेबल समोरून बघितलं की लांबट दिसतं. अंड्यासारखं. बरोबर? पण ते अंडं आडवं पाहिजे, सपाट. तुमचं अंडं डावीकडं घरंगळलंय. इथं कप ठेवला तर चहा मांडीवर येईल."

"मी जे दिसलं तेच काढलंय," मिस्त्री म्हणाले. "एकेक रेघ मोजून."

"मग टेबलच वाकडं असेल."

नर्सबाईंच्या हातातला ब्रश खाली पडला. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या मास्तरांना ठाऊक नव्हतं.

"ते टेबल," मिस्त्री हळूच म्हणाले, "मी केलंय."

आता माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण मास्तर कलावंत आणि मिस्त्री कारागीर. दोघांपैकी एकालाही थांबायची सवय नव्हती.

"उद्या सकाळी दहाला घरी या," मिस्त्री म्हणाले. "रोज त्याच वेळेला बसून काढलंय मी. सगळं जसंच्या तसं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"येतो की! टेबल सरळ निघालं तर चित्र चुकीचं. मग तुम्ही पुन्हा पेन्सिलवर्गात."

"चालेल!" मिस्त्री गरजले आणि चित्र काखेत मारून निघाले.

जिन्याच्या सातव्या पायरीवर त्यांचा पाय थबकला. टेबल सरळ निघालं तर चित्रकार गेला. आणि टेबल वाकडं निघालं तर सुतार गेला. म्हणजे उद्या दहा वाजता कुणाचे तरी बारा वाजणार, आणि दोन्हीकडून खांदा द्यायला मिस्त्रीच.

---

घरी बायको एप्रन बांधून कणीक मळत होती. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. सूर्य ऐकून ती हसली, अध्यक्ष ऐकूनही हसली. टेबलाचं ऐकलं आणि तिचे हात कणकेतच थांबले.

"उद्या? इथं येणार?"

"दहाला."

"टेबल बघायला?"

"दुसरं काय आहे आपल्याकडं बघण्यासारखं?"

"बरं," ती म्हणाली. "मग मी टेबल जरा पुसून घेते. खालून वगैरे."

"खबरदार!" मिस्त्रींनी हात पसरले. "कुणी हात लावायचा नाही. चित्राच्या पहिल्या दिवशी जसं होतं तसंच राहायला पाहिजे."

ते टेबल म्हणजे तीन पायांचं, गोल, काठाला बोटभर उंच पट्टी. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मिस्त्रींनी बायकोसाठी केलेलं. चौतीस वर्षं खिडकीशी उभं होतं. पंधरा दिवसांपूर्वी चित्राला सुरुवात करताना मिस्त्रींनी जाहीर केलं होतं, "टेबलावरचं, टेबलाखालचं, सगळं काढून टाक. जे दिसेल ते मी काढणार, मग तक्रार नको." आणि तिन्ही पायांभोवती खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या, टेबल हलू नये म्हणून. तेव्हापासून रोज ते खडू तपासायचे. तरीही एक गोष्ट त्यांना छळत होती.

"अगं, लिंबं कोण हलवतं?" ते रोज विचारायचे. "मी किटलीपुढं ठेवतो. वळून रंग घेतो, की ही काठाला!"

"वारा असेल," बायको म्हणायची.

"लिंबं हलवणारा वारा?"

"खिडकी उघडी आहे ना!"

शेवटी कंटाळून मिस्त्रींनी लिंबं गेली तिथंच काढली होती.

त्या संध्याकाळी बायकोनं टेबलाजवळ जायचे पाच प्रयत्न केले. एकदा झाडू घेऊन, एकदा पडलेली सुई शोधायला. पाचव्यांदा तर काहीच कारण नव्हतं, नुसतीच गेली. दरवेळी मिस्त्री खुर्ची ओढून टेबलापाशी बसलेले. तिचा एक हात सारखा एप्रनच्या खिशात होता. पण मिस्त्रींचं तिकडं लक्ष नव्हतं. ते टेबलाकडं बघत होते, परीक्षेला निघालेल्या पोराकडं बाप बघतो तसं.

---

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना मास्तर आले. छडी होती. मागून नर्सबाई. त्यांच्या मागून वर्गातले आणखी चौघं. टेबल बघायला आलोय म्हणत होते, पण नजर बिस्किटांच्या ताटलीवर होती. मिस्त्रींनी चित्र ईझलवर चढवलं आणि त्याच्या शेजारी छाती काढून उभे राहिले.

"आधी उजेड," मास्तर म्हणाले. "ही डावीकडची खिडकी, हा सूर्य. किटलीची सावली उजवीकडं. बरोबर. लिंबं खिडकीच्या कठड्याच्या आडोशाला आहेत. त्यांच्यावर उजेडच नाही, मग सावली पडेलच कशी..."

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले, आणि उजवीकडच्या उघड्या दारातून उजेडाची एक झगझगीत पट्टी आत आली. किटलीला अदबीनं चुकवून ती नेमकी तीन लिंबांवर जाऊन बसली. लिंबांची सावली डावीकडं पडली. अगदी चित्रातल्यासारखी.

मास्तर दाराशी धावले. समोरच्या दुकानातला चष्मेवाला फुटपाथवर माणसाएवढा आरसा मांडत होता.

"अहो, हा आरसा इथं कशाला?" मास्तर ओरडले.

"गिऱ्हाइकाला उजेडात तोंड बघायला!" चष्मेवाला ओरडला. "रोज दहाला काढतो, अकराला आत! तुम्हाला नंबर तपासायचाय का?"

"म्हणजे लिंबांना खरंच वेगळा सूर्य आहे," नर्सबाई म्हणाल्या.

मास्तर परत आले. "ठीक आहे. उजेडाचा मुद्दा तुमचा. पण रचना? ती तर तुमच्या हातात होती. ही अशी लिंबं मांडतं का कुणी?" त्यांनी लिंबं उचलली आणि किटलीच्या पुढ्यात, जरा उजवीकडं, मोठ्या नजाकतीनं ठेवली. दोन जवळ, एक जरा लांब. मग दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटला. "ही बघा. ही रचना!"

"वा!" चौघं बिस्किटं खात म्हणाले.

पहिलं लिंबू क्षणभर थांबलं. मग, कुणाला राग येऊ नये अशा बेतानं, हळूच निघालं. दुसरं त्याच्यामागून. तिसऱ्यानं जरा विचार केला, पण एकटं राहून काय करणार? तेही निघालं. किटलीला वळसा घालून तिघंही डाव्या काठाशी पट्टीला टेकली आणि एकमेकांना चिकटून उभी राहिली.

मास्तरांनी लिंबं पुन्हा मांडली. लिंबं पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मास्तरांनी त्यांच्याकडं, पोरांकडं बघतात तसं, डोळे वटारून बघितलं. तरी गेली.

"फरशी!" मिस्त्री एकदम ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर बुडत्याला फळी सापडल्याचा आनंद होता. "फरशी खचलीय! टेबल सरळ, चित्र बरोबर, फरशी वाकडी! मिटलं!"

"फरशी कुणी बसवली?" नर्सबाईंनी विचारलं.

"हिच्या भावानं," मिस्त्री म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना झालेला आनंद लपला नाही.

"माझ्या भावाला मधे आणू नका हं, सांगून ठेवते," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

पण भाऊ शेजारीच राहायचा, आणि भिंत पातळ होती. हाक मारायच्या आधीच तो दारात हजर. गवंडी माणूस, काखेत पाणसळ. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मधे आला तर जागा सपाट.

"कोण म्हणतंय माझी फरशी वाकडी?"

"लिंबं म्हणतात," मास्तर म्हणाले.

"भावोजी, ही फरशी बसवली तेव्हा तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं मी. कुठं जावं ते पाण्याला कळेना. दोन दिवस एकाच जागी उभं होतं बिचारं. शेवटी पुसायला गेलो तर म्हणालं, राहू दे, बरं वाटतंय."

"पट्टी ठेव," मिस्त्री म्हणाले.

त्यानं पाणसळ फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. फिरवून ठेवली. मधोमध. मिस्त्रींनी आतून स्वतःची पाणसळ आणली. मधोमध.

"दोन्ही बिघडल्यात," मिस्त्री म्हणाले.

"एकदम? एकाच दिवशी?"

"दमट हवा आहे."

"हे बघा," नर्सबाई पुढं झाल्या. त्यांनी तीस वर्षं वॉर्ड सांभाळला होता, तिथंही सगळे एकमेकांवरच ढकलायचे. "दुखणं खाटेत आहे की पेशंटमधे हे कळत नसेल तर आम्ही काय करायचो? पेशंट फिरवून झोपवायचो. टेबल फिरवा."

"खडूच्या रेघा आहेत!" मिस्त्री म्हणाले.

"पुसू," नर्सबाई म्हणाल्या, आणि चौघांना बिस्किटांपासून उठवलं.

टेबल अर्धं फिरवलं. लिंबं उजवीकडं गेली. आणखी पाव फिरवलं. लिंबं पुढं आली. कसंही फिरवा, लिंबं जायची ती त्याच एका पायाकडं. खिडकीशी ओळख नाही, फरशीशी भांडण नाही. त्यांचं काय ते त्या एका पायाशी.

दुखणं पेशंटमधेच होतं.

मिस्त्रींनी टेबल आडवं केलं. खिशातून टेप काढली. पहिला पाय मोजला, दुसरा मोजला. तिसरा दोनदा मोजला.

"चार सूत," ते म्हणाले. चार सूत म्हणजे अर्धा इंच. दुसऱ्या कुणाच्या हातून एक सूत चुकलं तर मिस्त्री त्याला आठ दिवस लाकडाला हात लावू देत नसत.

ते खुर्चीवर बसले. त्यांच्या मेहुण्यानं तोंड उघडलं. चौतीस वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. पण बहिणीनं त्याच्याकडं असं काही पाहिलं की त्यानं उघडलेल्या तोंडात बिस्कीट घातलं आणि मिटून टाकलं.

"मला दिसलं कसं नाही?" मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "चार पायांचं असतं तर डुगडुगलं असतं, कळलं असतं. तीन पायांचं टेबल कधी डुगडुगत नाही. पण कललेलं तर दिसायला हवं होतं? चौतीस वर्षं रोज सकाळी इथं चहा पितोय मी. कपातला चहासुद्धा कधी तिरका दिसला नाही."

"दिसेल कसा?" बायको म्हणाली.

ती पुढं आली. एप्रनच्या खिशातला हात बाहेर काढला आणि मुठीतली वस्तू मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली. लाकडाची छोटीशी पाचर होती. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली.

"पहिलं वर्ष काड्यापेटी ठेवायचे," ती म्हणाली. "ती दबायची. मग बाटलीचं बूच. ते उंदरानं नेलं. मग तुम्ही कामावर गेला होतात तेव्हा तुमच्याच कानशीनं घासून ही केली. केर काढताना रोज बघायचे, जागेवर आहे ना."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. मणी ठेवला होता टेबलावर, तो गेला घरंगळत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार काय? तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात, असं टेबल पृथ्वीवर नाही. ते तरी कुठं खोटं होतं?"

"आणि चित्राच्या दिवशी काढून का घेतलीस?" नर्सबाईंनी विचारलं.

"हेच म्हणाले ना, जे दिसेल ते काढणार! पाचर दिसली असती तर पाचर काढली असती. मग सगळ्या जगाला कळलं असतं. म्हटलं, चित्र होईपर्यंत उचलून ठेवावी. तर यांनी खडूच मारून ठेवला. परत ठेवायला जागा सोडली नाही."

मिस्त्री पाचरीकडं बघत राहिले. "पण चार सूत? माझ्या हातून? ते दोन पाय बघ कसे आहेत, केसाचा फरक नाही. तिसऱ्यालाच काय झालं?"

"तिसरा पाय कापताना तुमचं लक्ष करवतीवर नव्हतं," बायको म्हणाली.

"मग कुठं होतं?"

"आता एवढ्या लोकांसमोर सांगू?"

साठी उलटलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. मास्तर घाईघाईनं चित्राकडं वळले, आणि चौघं पहिल्यांदाच बिस्किटं सोडून दुसरीकडं बघायला लागले.

मास्तर चित्राकडं वळले ते बराच वेळ वळलेलेच राहिले. टेबल परत उभं करून खडूच्या पुसट खुणांवर ठेवायला लावलं. छडी डोळ्यांसमोर आडवी धरली, टेबलाचा कल मोजला. तशीच चित्रापुढं नेली. पुन्हा टेबलापुढं. असं चार वेळा केलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "वीस वर्षं शिकवतोय मी. सगळे जण त्यांना जे माहीत असतं ते काढतात. टेबल सरळ असतं हे माहीत असतं, म्हणून सरळ काढतात. आपल्या हातचं टेबल असलं तर विचारायलाच नको. तुम्हाला तर चौतीस वर्षं माहीत होतं की हे सरळ आहे. तरी तुमच्या डोळ्यांनी पाहिलं आणि हातानं काढलं. चार सूत म्हणजे चारच सूत."

"म्हणजे मी सुतार वाईट?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्यातलं मला कळत नाही."

"आणि चित्रकार?"

मास्तरांनी नाक खाजवलं. चांगलं म्हणायची वेळ आली की त्यांचं नाक खाजायचं. "डोळा आहे," ते म्हणाले.

मिस्त्री खुर्चीतून उठले. बसले होते त्यापेक्षा चार सूत उंच दिसत होते.

"पण चित्र अजून पास नाही!" मास्तर लगेच म्हणाले. "बघणाऱ्याला हे सगळं कुठं माहीत असणार? त्यांना वाकडं टेबलच दिसणार. आणि रचना तर अजून चुकलेलीच आहे. उजवीकडं खाली बघा, नुसती फरशी. डावीकडं सगळा भार, इकडं रिकामं."

मिस्त्रींनी चित्राकडं पाहिलं. मग हातातल्या पाचरीकडं. ते खाली वाकले आणि पाचर फरशीवर ठेवली. उजव्या बाजूला, टेबलापासून थोडी लांब.

मास्तरांनी एक डोळा मिटला. "जरा अलीकडं."

मिस्त्रींनी अलीकडं घेतली.

"तिरकी करा. टोक पायाकडं. हां! आता बघणाऱ्याची नजर लिंबांवरून पायाकडं, पायावरून पाचरीकडं, पाचरीवरून परत पायाकडं. झालं की! कुणाला काही सांगायला नको."

"अहो," बायको कासावीस झाली, "पाचर काढणार? सगळ्यांना कळेल!"

"कळू दे की," मिस्त्री रंगाच्या ट्यूबचं टोपण उघडत म्हणाले. "टेबल कुणी केलं ते चौतीस वर्षं सांगतोय. धरून कुणी ठेवलं होतं तेही कळू दे."

बायकोनं आत जाऊन उगाचच सगळ्यांना दुसरा चहा टाकला.

---

पुढच्या रविवारी ग्रंथालयाच्या खालच्या दालनात प्रदर्शन लागलं. भिंतीला जुनी लाकडी फळी होती, तिच्यावर सगळी चित्रं ओळीनं टेकवून ठेवली होती. मिस्त्रींचं चित्र दारातून शिरलं की तिसरं. खाली चिठ्ठी होती: 'किटली, लिंबं आणि पाचर'. आणि तिच्याखाली मिस्त्रींच्या अक्षरात: 'पाचर अजून ओली आहे. हात लावू नये.'

गर्दी त्याच चित्रापुढं. येणारा प्रत्येक माणूस समोर उभा राहायचा आणि मान डावीकडं कलती करायचा. मग पाचर दिसायची, आणि हसू यायचं. एक जोडपं बराच वेळ उभं राहिलं. त्यातल्या नवऱ्यानं बायकोला विचारलं, "आपल्याकडं असं काही नाही ना गं?" ती म्हणाली, "तुम्ही बघा की चित्र."

पेन्सिलवर्गातली सात वर्षांची मुलगीही आली. "ए नवीन," ती म्हणाली, "तुझं टेबल वाकडंय."

"हो."

"मुद्दाम?"

"नाही गं. कापताना लक्ष नव्हतं."

"मग मास्तर रागावले नाहीत?"

"पास केलं."

मुलीनं चित्राकडं आणखी एकदा नीट पाहिलं. "मी पण वाकडं काढते," ती म्हणाली. "मला नाही करत पास." आणि निघून गेली.

मिस्त्रींना मात्र ग्रंथपाल सापडला होता. त्याला त्यांनी दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि पुराची गोष्ट सुरू केली. एव्हाना कपाट पाचव्या गावाला लागलं होतं.

चित्रापुढची गर्दी जरा पांगली तेव्हा बायको एकटीच समोर आली. आधी तिनं पाचर पाहिली. हुबेहूब होती, कोपऱ्याचा टवकासुद्धा. बराच वेळ बघत राहिली. मग तिची नजर वर गेली, टेबलावर. लिंबं. घरंगळलेलं अंडं. तिनं नजर काढून घेतली. पुन्हा पाहिलं. हातांची चुळबुळ सुरू झाली.

तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पर्स उघडली, खरी पाचर काढली, आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्याखाली हलकेच सरकवून दिली.

चौकट तिरकी झाली. आणि चित्रातलं टेबल, चौतीस वर्षांच्या सवयीनं, सपाट झालं.

बरोबर त्याच वेळी मास्तर छडी घेऊन तिथं पोचले. त्यांनी चौकट पाहिली. छडी उचलली, तोंड उघडलं. मग त्यांनी मिस्त्रींच्या बायकोकडं पाहिलं. ती पर्सची चेन लावत होती आणि छताकडं बघत होती. मास्तरांनी तोंड मिटलं. छडी पाठीमागं धरली. इतक्या वर्षांत एखाद्या चित्रापुढून काही न बोलता जायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांना ती फार जड गेली.

"बघा!" दालनाच्या दुसऱ्या टोकावरून मिस्त्रींचा आवाज आला. ग्रंथपालाच्या खांद्यावर हात टाकून ते चित्राकडं बोट दाखवत होते. "मी काय सांगत होतो? जवळून बघितलं तरच वाकडं वाटतं. लांबून बघा... टेबल सरळ आहे!"